दुधाची पिशवी आणि ह्यांचा एरियल

मैत्रिणींनो, पावसाळ्याआधीच्या कामांची यादी काढायची म्हटले, तर कोकणातल्या आपणा सर्वजणींची यादी थोड्याफार फरकाने सारखीच निघेल. डाळी-कडधान्यांना ऊन देणे, मसाला बरण्यांत भरणे, कुरडया-पापडांचे डबे बंद करणे, कौले परतून घेणे, लाकडे पडवीत आणून रचणे. माझ्या यादीत आणखी एक काम आहे आणि ते तुमच्यापैकी एखादीच्याच यादीत असेल. मेच्या शेवटच्या आठवड्यात, चांगले कडक ऊन पाहून, मी शिडी लावते, गच्चीवरच्या लोखंडी नळाच्या टोकाशी पोचते आणि तिथल्या बोटभर लांबीच्या एका जोडाला तीन पदरांत टेप गुंडाळते.

‘हे काय बाईमाणसाचं काम?’ असे आमच्या शेजारच्या वहिनी अजून म्हणतात. म्हणोत बापड्या! पण एका वर्षी हेच काम मी नाक मुरडत केले होते आणि त्याची जी शिक्षा भोगली, ती मी विसरणार नाही. आज तीच गोष्ट सांगते. शेवटी कृतीही देते, कारण तुमच्या घरी रेडिओवाला नवरा नसला तरी छपरावर डिश नक्की असेल, आणि पावसाचे पाणी दोघांना सारखेच छळते.

आमचे हे हौशी रेडिओवाले. इंग्रजीत ह्या मंडळींना ‘हॅम’ म्हणतात. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, मग ‘व्हीयू’ने सुरू होणारे एक सांकेतिक नाव मिळते आणि घरातल्या टेबलावरून जगाशी बोलता येते. पैसे मिळत नाहीत, उलट जातात. लग्न होऊन दापोलीला आले, तेव्हा पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आले की ह्या घरात मला सवत आहे! सकाळी चहाचा कप हातात घेऊन हे त्या खोलीत शिरत आणि ‘ओव्हर, ओव्हर’ सुरू होई. चहा तिकडेच गार, आणि मी इकडे गरम.

ह्यांचा एरियल घरीच केलेला. बाजारातून काही फार आणावे लागले नाही. ही मंडळी सकाळी ज्या लहरींवर जमतात, त्यांची लांबी सुमारे ४० मीटर. तिच्या निम्मी, म्हणजे २० मीटर तांब्याची तार घ्यायची, मधोमध तोडायची आणि दोन्ही बाजूंना १०-१० मीटर ताणायची. आमच्याकडे मधला भाग गच्चीवरच्या नळाच्या टोकावर आहे. एक टोक उतरते परसातल्या माडाकडे आणि दुसरे गडग्यावरच्या खांबाकडे. लांबून पाहिले तर घरावर कुणी भलीमोठी वाळत घालायची दोरी बांधली आहे असेच वाटते. (सुरुवातीला मी एकदा तिच्यावर मुलीचे लंगोट वाळत घातले होते. त्या दिवशी ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता!)

दोन तारांच्या मधोमध प्लॅस्टिकच्या तुकड्यावर एक सॉकेट बसवलेले असते. त्याला खालून केबलचा प्लग आटे फिरवून लावायचा आणि केबल नळाच्या कडेने खाली खोलीत आणायची. ही केबल तुमच्या टीव्हीच्या केबलची थोरली बहीण. मध्ये तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरे प्लॅस्टिक, त्यावर तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी आणि सर्वांत बाहेर काळे आवरण. आवरण धड आहे तोवर ही केबल पावसाला भीत नाही. तिचे सगळे दुखणे असते ते जोडापाशी. प्लग आणि सॉकेट कितीही घट्ट पिळा, आट्यांतून पाणी शिरतेच, कारण त्या जातीच्या प्लगाला आत रबराची चकती नसते. आणि एकदा पाणी जाळीपर्यंत पोचले की संपलेच. समईतली वात जशी तेल ओढत नेते, तशी ती तांब्याची विणलेली जाळी पाणी आत ओढत नेते. बाहेरून केबल नवीकोरी दिसते आणि आत हातभर तांबे काळे पडलेले असते. त्यात आमच्याकडची खारी हवा!

म्हणून दरवर्षी मेमध्ये हे स्वतः वर चढून जोडाला टेप गुंडाळत. खाली मी कुरडया घालत असे आणि वरून ह्यांचे व्याख्यान चाले. मी अर्ध्या कानाने ऐके.

‘ह्याचा उपयोग काय?’ हा माझा नेहमीचा प्रश्न आणि ह्यांची उत्तरेही ठरलेली. २६ जानेवारी २००१ ला भूजला भूकंप झाला, दूरध्वनी बंद पडले, तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनीच निरोप पोचवले. डिसेंबर २००४ मध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद हौशी रेडिओवाल्यांची एक तुकडी घेऊन अंदमानला गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्यांनी ताबडतोब आपली यंत्रे मदतीच्या निरोपांना जुंपली. ‘बघ, बाईमाणूस होती!’ असे हे मुद्दाम म्हणत. मी म्हणे, ‘असेल. तिथे तेव्हा गरज होती. आता मुलाबाळांच्या हातात फोन आहेत.’

मग २०२० चा मे महिना आला. तो तुम्हालाही आठवत असेल. टाळेबंदी, दारे बंद, रस्ते बंद. आमची लेक पुण्याला, सातवा संपून आठवा लागलेला. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, म्हणून मी जुन्या लुगड्यांच्या दुपट्यापासून डिंकापर्यंत सगळी तयारी करून बसलेली. पण येणार कशी? डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितले आणि विहीणबाई म्हणाल्या, ‘काळजी करू नका, ती मला मुलीसारखीच आहे.’ त्या खरोखर चांगल्या आहेत. तरी आईचा जीव तो. रोज दोन वेळा फोन केल्याशिवाय मला घास उतरत नसे. तिचा रक्तदाबही थोडा वर जाऊ लागला होता.

अशात ह्यांचा उजवा खांदा आखडला. हात खांद्याच्या वर जाईना. मेअखेर म्हणाले, ‘अगं, यंदा जोड तुलाच बांधायला हवा. मी खाली शिडी धरतो.’

माझे डोके आधीच फिरलेले. घरात कामाला बाई नाही, लेक दूर, आणि ह्यांना आपली टेप सुचते आहे! तरी चढले. मागच्या वर्षीची टेप ओढून काढली. ह्यांनी खालून सांगितले, ‘खालून वर गुंडाळ हो! आणि आधी जोड पुसून घे.’ मी ‘हो, हो’ म्हटले आणि नळाचे टोक डोळ्यांसमोर होते म्हणून वरूनच सुरुवात करून खाली आले. एकच थर. टेप मध्येच संपली. दुसरे रीळ खाली खोलीत होते, पण उतरणार कोण! कमरेला दुधाची रिकामी धुतलेली पिशवी खोचलेली होती, कुरडयांवर झाकायला नेत होते. तीच जोडावर चढवली आणि वर-खाली सुतळीने करकचून बांधली. मला वाटले, ह्यांच्या टेपेपेक्षा हे बरे. प्लॅस्टिकमध्ये पाणी जाईलच कसे?

‘झालं?’ ह्यांनी विचारले.

‘झालं.’ मी म्हटले.

मैत्रिणींनो, संसारात आपण किती वेळा ‘झालं’ म्हणतो आणि ते झालेले नसते!

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ आले. श्रीवर्धनच्या बाजूला ते जमिनीवर चढले, पण दापोली-मंडणगडानेही त्याचा तडाखा खाल्ला. त्या दिवसाचे मी फार लिहीत नाही. ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही पाहिले त्यांना ते सांगून कळायचे नाही. कौले पत्त्यांसारखी उडाली. आंबे, पोफळी, माड आडवे झाले. परसातला तो माडही गेला आणि जाताना एरियलची एक तार घेऊन गेला. आम्ही दोघे माजघरात देवांपाशी बसून होतो. घर राहिले, माणसे राहिली. वीज मात्र गेली, फोन गेले. मोबाइलवर एक रेघ दिसेना. आसपासच्या कित्येक गावांत पुढे आठवडेच्या आठवडे दिवे नव्हते.

पहिला दिवस पाणी उपसण्यात आणि ओले धान्य वेचण्यात गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात एकच. पुण्यात टीव्ही चालू असेल. त्यावर पडलेली झाडे आणि उडालेली छपरे दाखवत असतील. आणि आठव्या महिन्यातली माझी पोर फोन लावत असेल, लावत असेल, आणि तो लागत नसेल. आम्ही सुखरूप होतो हो! पण ते तिला कुणी सांगायचे? रस्ते झाडांनी अडलेले. आपण जिवंत आहोत, एवढी दोन शब्दांची बातमी, आणि ती पोचवायला वाट नाही!

५ तारखेला ह्यांनी गाडीची बॅटरी काढून आणली आणि रेडिओला जोडली. माडाकडची तार आम्ही दोघांनी मिळून उरलेल्या एका आंब्याला बांधली होती. बटण फिरवले आणि काय सांगू, आवाज इतका स्वच्छ! एरवी विजेच्या उपकरणांची खरखर असते. तालुक्यात वीजच नव्हती, तर खरखर कुठली? पुण्याचे, मुंबईचे आवाज शेजारी बसल्यासारखे येत होते. एक गृहस्थ तर किनाऱ्यावरच्या केंद्रांनाच हाका मारत होते, कुणी ऐकत असेल तर उत्तर द्या म्हणून.

ह्यांनी उत्तर दिले. आपले नाव सांगितले, गाव सांगितले. थांबले. पलीकडून पुन्हा तीच हाक. पुन्हा उत्तर. पुन्हा तीच हाक. दहा मिनिटे हे चालले होते. आम्हाला त्यांचे सगळे ऐकू येत होते, आमचे त्यांना काहीच ऐकू जात नव्हते. शेवटी ते गृहस्थ म्हणाले, ‘कोकणातून कुणी उत्तर देत नाही, उद्या सकाळी पुन्हा प्रयत्न करू.’ आणि शांत झाले.

ह्यांनी मीटरकडे पाहिले. सेटमधून पाठवलेली शक्ती वर न जाता वाटेतूनच परत येत होती. असे झाले की सेट आपला जीव वाचवायला शक्ती आपोआप कमी करतो, म्हणजे मोठ्याने ओरडायच्या ऐवजी कुजबुजतो. ‘तार नीट आहे,’ हे म्हणाले, ‘जोडात काहीतरी झालंय.’

माझ्या पोटात खड्डा पडला.

मीच शिडी चढले. सुतळी ओल्याने फुगून गाठ सुटेना, ती विळीने कापली. आणि पिशवीतून चांगले चमचाभर पाणी माझ्या हातावर सांडले. पिशवीने पाऊस अडवला नव्हता. वरच्या गाठीतून आत आलेले पाणी तिने बाहेर जाऊ दिले नव्हते, इतकेच! वरून खाली गुंडाळलेल्या टेपेची प्रत्येक कड वर तोंड करून उघडी होती. जणू पावसाला म्हणत होती, या, बसा. प्लग सोडवून खाली आणला. आतली पितळ हिरवट झाली होती. ती ओली पिशवी अजून माझ्या हातातच होती. ह्यांनी तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि एवढेच म्हणाले, ‘डाग द्यायला वीज नाही. गॅस आहे का?’

बोलले असते तर बरे झाले असते.

सासऱ्यांच्या वेळचे, तांब्याच्या जाड डोक्याचे डाग द्यायचे हत्यार माळ्यावर होते. ते मी स्वयंपाकाच्या गॅसवर तापवले. ह्यांनी केबलचे टोक कापले. आतली जाळी काळी. आणखी वीतभर कापले. अजून काळसर. आणखी वीतभर कापल्यावर लख्ख तांबे दिसले. ह्यांचा खांदा वर होत नव्हता, म्हणून मी केबल धरली आणि त्यांनी डाव्या हाताच्या आधाराने डाग दिला. नवा प्लग घरात होता. मग मी पुन्हा वर चढले. ह्या वेळी ह्यांनी सांगितलेला शब्द न् शब्द ऐकला. आमच्या पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांचे एवढे लक्षपूर्वक मी प्रथमच ऐकले असेन!

६ तारखेला सकाळी ते गृहस्थ पुन्हा हाका मारू लागले. ह्यांनी उत्तर दिले. क्षणभर शांतता. आणि मग पलीकडून ह्यांचे नाव, सांकेतिक नव्हे, खरे नाव आले: ‘अहो, कुठे होतात तुम्ही? कसे आहात सगळे?’ ह्यांना बोलता येईना. मग म्हणाले, ‘सुखरूप आहोत. मुलीला तेवढं कळवा.’ आणि नंबर सांगितला.

त्या गृहस्थांनी लगेच फोन लावला. पाच मिनिटे झाली असतील, मला ती पाच तासांसारखी वाटली. मग आवाज आला, ‘मुलीशी बोललो. रडत होत्या. त्यांच्या सासूबाईंनी निरोप दिलाय, दोन दिवस पोर धड जेवली नव्हती, आत्ता ताटावर बसलीय म्हणून.’

मी पदर डोळ्यांना लावला. ह्यांनी माझ्याकडे न बघता बटणे फिरवल्यासारखे केले. जुलैमध्ये नात झाली. दोघीही सुखरूप.

आता कृती. आपल्या नेहमीच्या पाककृतीसारखीच लिहिते, म्हणजे लक्षात राहील.

साहित्य: चांगल्या प्रतीची काळी प्लॅस्टिकची इन्सुलेशन टेप, सेल्फ अमाल्गमेटिंग टेप, म्हणजे स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप, कात्री, कोरडे सुती फडके. ही रबरी टेप विजेच्या सामानाच्या मोठ्या दुकानात मिळते. तिला चिकट बाजू नसते. एका पातळ कागदासारख्या पट्टीवर गुंडाळलेली येते, ती पट्टी सोलून टाकायची.

पूर्वतयारी: दिवस कोरडा हवा. जोड ओला असताना वरून टेप गुंडाळणे म्हणजे ओले पापड डब्यात भरणे. पाणी बाहेर राहत नाही, आत कोंडले जाते. जोड पुसा, उन्हात वाळू द्या, प्लग हाताने पूर्ण घट्ट करा.

पहिला थर काळ्या टेपेचा. तो पाण्यासाठी नसतो, पुढच्या वर्षी रबर सहज निघावे म्हणून असतो. करंज्या तळून ठेवताना खाली कागद घालतो ना, तसा.

दुसरा थर रबरी टेपेचा. हाच खरा. टेप ओढून ताणायची, चांगली दीडपट-दुप्पट लांब होईपर्यंत, आणि ताणलेलीच गुंडाळायची. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढला पाहिजे. जोडाच्या पुढे केबलवरही तीन-चार बोटे जायचे. थोड्या वेळाने वेढे एकमेकांत मुरून एकच रबर होते. नखाने सुटे करू म्हटले तरी होत नाही.

तिसरा थर पुन्हा काळ्या टेपेचा, रबराला उन्हापासून सांभाळायला. इथे ती मोठी गोष्ट: गुंडाळायचे खालून वर. आपल्याला हे शिकवायला हवे का? कौले घालताना आपण वळचणीपासून सुरुवात करून आढ्याकडे जातो, म्हणजे वरचे कौल खालच्यावर बसते आणि पाणी घसरून जाते. टेपेचेही अगदी तसेच. मी उलटे केले आणि प्रत्येक वेढ्याची ओंजळ झाली. शेवटचा वेढा मात्र ताणायचा नाही, सैलसर ठेवायचा आणि टेप कात्रीने कापायची. ओढून तोडली तर टोक आखडते आणि महिन्याभरात झेंड्यासारखे फडफडू लागते.

सॉकेटची वरची बाजू, जिथे तारा जोडलेल्या असतात, तीही उघडी ठेवू नका. ह्यांनी सुरुवातीला तिथे न्हाणीघराच्या फटींना लावतात ते सिलिकॉन भरले होते आणि वर्षभरात आत सगळे हिरवे झाले. ज्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, त्यातून खरोखरच ते आम्ल सुटत असते. पितळेच्या भांड्यात आपण लोणचे ठेवतो का? मग पितळेच्या जोडावर ते कशाला? आंबट वास नसलेले, न्यूट्रल क्युअर असे लिहिलेले सिलिकॉन मिळते, तेवढेच वापरावे.

पिशवी, डबी, बाटली असे काही वरून झाकायचेच असेल तर खालचे तोंड उघडे ठेवा किंवा तळाला एक भोक ठेवा. दिवसा उन्हाने आतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री गारव्याने आकसते आणि ओलसर हवा आत ओढून घेते. सकाळी आत दव. ते गळून जायला वाट हवी. हे मी एका दुधाच्या पिशवीकडून शिकले.

शेवटचे, केबल भिंतीतून घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, पाळण्याच्या दोरीसारखा. पाणी केबलवरून ओघळत येते, ते झोळाच्या तळाशी थेंबाथेंबाने गळून पडते आणि भिंतीत शिरत नाही. भिंतीतले भोकही बाहेरच्या बाजूला उतरते असावे.

तुमच्या डिशलाही हीच रीत लागू. मुसळधार पावसात चित्र जाते आणि पाऊस थांबताच परत येते, तेव्हा जोडाला दोष देऊ नका, ढगांतले पाणीच लहरी अडवत असते. पण पाऊस उघडून ऊन पडले तरी चित्र धड येत नसेल, तर डिशजवळचा जोड सोडवून पाहायला सांगा. आत हिरवे-काळे दिसले तर केबल लख्ख तांबे लागेपर्यंत कापून नवा जोड बसवायचा. नुसते पुसून भागत नाही. आमचे हे तर आणखी एक सांगतात, की भिजलेली लांब केबल मीटरलासुद्धा फसवते. शक्ती केबलमध्येच जिरते, परत काहीच येत नाही, आणि मीटर दाखवतो सगळे छान चालले आहे! घरातल्या माणसांसारखेच. परत काही उत्तर येत नाही, म्हणजे सगळे पोचले असे समजू नये.

आणि वडीलधाऱ्या बाईच्या नात्याने बजावते: विजेच्या तारा जवळ असतील तिथे एरियल किंवा शिडी नेऊ नका, आभाळ गडगडत असताना वर चढू नका, आणि वादळाची चाहूल लागताच केबल यंत्रापासून काढून ठेवा. शिडी धरायला खाली माणूस हवेच.

पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याला घासून वर गुजरातेकडे गेले. त्या वेळीही आमची वीज गेली. पण जोड मी एप्रिलमध्येच बांधून ठेवला होता. वारा ओसरल्यावर ह्यांनी केबल लावली, पहिल्याच हाकेला पुण्याहून उत्तर आले. त्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या आधी, मी मुद्दाम जोड सोडून पाहिला. रबर सुरीने चिरावे लागले. आत पितळ अशी लखलखत होती, की चिंच लावून घासलेली समईच!

ती मी खाली आणून ह्यांना दाखवली. हे चष्मा वर करून म्हणाले, ‘छान झालंय.’

नंतर पुन्हा वर जाऊन तिन्ही थर घातले. खालून वर.